पथ्य, उपवास आणि आग्रह

राखेच्या बुधवारानंतरचा पहिला रविवार होता. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर भाविकांशी बोलत उभे होतो. गर्दी ओसरल्यावर एक गृहस्थ जवळ आले. वय चाळिशीच्या पुढचे, अंगाने सडपातळ, मूळचे नगरकडचे, गेली कित्येक वर्षे चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. त्यांनी जे सांगितले ते पापनिवेदनाच्या गुप्ततेतले नव्हे, उघड्या अंगणातले आहे, आणि येथे लिहिण्यास त्यांची संमती आहे, हे आधीच नमूद केलेले बरे. ते म्हणाले, "फादर, उपवासकाळात वडापाव सोडीन असं देवाला सांगितलं होतं. तिसऱ्याच दिवशी मोडलं. हे पाप धरायचं का?"

आम्हांला पुढे बाप्तिस्म्याची घाई होती. प्रार्थना वाढवा, मन खंबीर करा, असे दोन शब्द बोलून आम्ही त्यांची बोळवण केली. ते मान डोलावून म्हणाले, "डॉक्टरही तेच सांगतात. भात कमी, पाव बंद, बटाटा बंद. नाहीतर पायाची जखम भरायची नाही म्हणतात." तेव्हा आम्ही खाली पाहिले. त्यांच्या एका पायात बूट होता. दुसऱ्या पायाला पट्टी बांधलेली होती आणि त्यात रबरी चप्पल अडकवलेली होती.

त्याच रात्री, जेवण होऊन तासही लोटला नसेल, आम्ही कपाटातला नानकटाईचा डबा काढला. आमच्या रक्तातील साखरेचा अहवाल त्याच कपाटात, वरच्या खणात आहे. भूक नव्हती. तीन नानकटाया खाऊन झाल्यावर सकाळचा प्रश्न आठवला, आणि आपण दिलेले उत्तर किती उथळ होते ते कळून चुकले.

खादाडपणा हे सात महापापांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो आणि एखाद्या लठ्ठ माणसाचे चित्र डोळ्यांपुढे आणून मोकळे होतो. ख्रिस्ती परंपरेचा विचार याहून बारकाईचा आहे. संत ग्रेगरी महान यांनी सहाव्या शतकात खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्विनस यांनी ते पुढे उचलून धरले: वेळेआधी खाणे, फार उंची खाणे, फार जास्त खाणे, अधाशीपणे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. यांत जास्त खाणे हा पाचांतला एकच. आज अन्नाचा प्रत्येक घास तोलून-मापून खाणारा, यजमानिणीला तेलाचा नि पिठाचा हिशेब विचारणारा, दिवसभर दुसरा विषयच न बोलणारा मनुष्य सडपातळ असेलही. पण शेवटच्या प्रकाराच्या जवळपास तो वावरत असतो, असे आम्हांस वाटते.

त्या कामगार बंधूंचा प्रश्न मात्र याही आधीचा होता. मनात उठणारी ओढच पाप आहे काय? सेमिनरीत शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ साली आदिपापाविषयी शिकवण देताना स्पष्ट केले की, बाप्तिस्म्यानंतरही मनुष्यात वासना उरते. ती पापाकडे झुकवते, परंतु ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नव्हे. झुकाव वेगळा, संमती वेगळी. हा झुकाव आपण निवडलेला नसतो. तो वारशाने येतो.

वारसा हा शब्द येथे नुसता धर्मशास्त्राचा राहत नाही. आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले व आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून स्थूल! याचे मूळ शोधण्यासाठी त्यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. खेड्यातल्या बाळांचे स्नायू लहान, पोटातील अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. उपाशी गर्भाशयात वाढणारे बाळ जणू दुष्काळाची तयारी करूनच जन्माला येते, आणि मग त्याच्या वाट्याला दुष्काळाऐवजी पाव, साखर आणि खुर्ची आली, की मधुमेह पाऊल टाकतो, असे या संशोधनाचे सांगणे आहे.

त्या खेड्यांतील आया दिवसभर शेतात राबत आणि घरात सर्वांच्या शेवटी जेवत. ही रीत काही सहा खेड्यांपुरती नाही. आपल्या ख्रिस्ती घरांतही ती सुटलेली नाही. आमच्या आईला आम्ही गरम भाकरी खाताना क्वचितच पाहिले. ज्या बाईला कोणी पानावर आग्रह केला नाही, तिची उपासमार तिच्या मुलाच्या रक्तात चाळीस वर्षांनी साखर होऊन उगवते. आदिपापाची तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. तथापि आपण न केलेल्या अपराधाचे ओझे आपल्या देहात वाहावे लागणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास याहून जवळचा दाखला आम्हांस सापडलेला नाही.

आता त्या चाकणच्या चौकाकडे वळू. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे औद्योगिक वसाहत पसरली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि या शतकात मोटारींचे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी पंचक्रोशीत नावाजलेले ते गाव. आज रात्रपाळी सुटल्यावर पहाटे तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या माणसाला काय मिळते? मैद्याचा पाव, त्यात बटाटा, त्यावर बेसनाचे तळलेले आवरण, आणि सोबत भरपूर साखरेचा चहा. पोट चटकन भरते, पैसे थोडे लागतात, उभ्या उभ्या खाता येते. मैद्यासारखे बारीक पीठ झरकन पचून रक्तात साखर म्हणून उतरते, ती खाली आणण्यास शरीर धावाधाव करते, आणि दोन-अडीच तासांत पुन्हा खा-खा सुटते. त्यात रात्रीचे जागरण. अपुऱ्या झोपेने भूक चाळवणारे संप्रेरक वाढते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे ज्या घटकेला आम्ही त्या बंधूंना मन खंबीर करावयास सांगितले, त्या घटकेला त्यांचे मन आठ तास यंत्रापुढे उभे राहून, झोपेविना, अगोदरच खर्ची पडलेले असते. (गंमत अशी की शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्यास वडापाव नियमाने चालतो. त्यांचे व्रत मोडले तो दिवसही शुक्रवारच होता.)

पुडीतल्या खाण्याची कथा आणखी निराळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अन्न आणि दोन आठवडे घरगुती स्वरूपाचे अन्न पुढ्यात ठेवले. साखर, मेद, मीठ यांचे प्रमाण सारखे राखले, आणि हवे तेवढे खा म्हटले. कारखान्यातील अन्न खाताना तीच माणसे दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात होती. माणसे तीच, इच्छाशक्तीही तीच. ताट बदलले.

मग मनुष्याला काहीच जबाबदारी नाही काय? असे म्हणणे आम्हांस परवडणारे नाही, कारण त्या रात्री नानकटाई आम्हांला कोणी भरवली नव्हती. आम्ही रात्रपाळीचे नव्हतो, डबा आमच्या हाताशी होता, स्वयंपाकघरात काकडी नि शेंगदाणेही होते. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात याविषयी मोठ्या प्रांजळपणे लिहिले आहे. आपण खातो ते देहाच्या गरजेपोटी की जिभेच्या सुखापोटी, हे पुष्कळदा कळत नाही, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे हे न कळणेच मनाला सोयीचे वाटते. आरोग्याचे नाव पुढे करून सुख आपला कार्यभाग साधून घेते, असा त्यांचा आशय आहे. "औषधाच्या गोळीआधी काहीतरी पोटात हवे" असे आम्ही कितीदा स्वतःशी म्हटले असेल!

म्हणून दोन माणसांना एकच प्रवचन लागू पडत नाही. ज्याच्यापुढे निवड आहे त्याची संमती वेगळी मोजावी लागते, आणि ज्याच्यापुढे एकच गाडी आहे त्याची वेगळी. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण उरकण्याची पद्धत गावोगाव सांगितली. आमच्या धर्मग्रामातही ती पुष्कळांनी धरली. काहींची वजने उतरली याचा आनंद आहे. परंतु ती पाळण्यास दिवसाची वेळ आपल्या हातात असावी लागते. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याच्या ती नसते. आणि गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण चुकवू नये. चर्चनेही उपवासाचा नियम आजाऱ्यांवर कधी लादलेला नाही.

पथ्य आणि उपवास हे दोन शब्द आपण हल्ली एकाच श्वासात वापरतो. पथ्य स्वतःच्या देहासाठी; त्यात गैर काही नाही, देह परमेश्वराचे मंदिर आहे. पण प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजात उपवासाला आणखी एक अर्थ होता. दुसऱ्या शतकातील 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात सांगितले आहे की, उपवासाच्या दिवशी जे अन्न आपण खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती विधवेला, अनाथाला द्यावी. आपल्या ताटातून काढलेले कोणाच्या ताटात गेले, हा उपवासाचा प्रश्न असतो. पथ्यात तो उद्भवतच नाही.

आणि हाच प्रश्न आम्हांला आपल्या आग्रहापाशी आणून सोडतो. पास्काच्या सणानंतर आम्ही घरे आशीर्वादित करण्यास निघतो. एका संध्याकाळी दहा-बारा घरे होतात. प्रत्येक घरी चहा. चहात दोन चमचे साखर. बशीत बिस्किटे, चिवडा, उरलेला केक. नको म्हटले की माउलीचा चेहरा पडतो. "फादर, आमच्याकडे काहीच घेत नाही?" प्रभूने शिष्यांना पाठवताना पुढ्यात येईल ते खावे असे सांगितले होते, त्याचा आधार घेऊन आम्ही वर्षानुवर्षे सर्व काही घेत आलो. प्रेमाने दिलेले नाकारू नये, हे खरेच आहे. परंतु आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा एकमेव पुरावा होऊन बसला आहे. मधुमेही सासऱ्याला "आजच्या दिवस चालतं हो" म्हणून बासुंदीची वाटी वाढणारी सून त्यांच्यावर प्रेम करत नाही असे कोण म्हणेल? आणि डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जाते तीही तीच.

संत पौल यांनी करिंथच्या मंडळीला लिहिताना मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा वाद सोडवला तो असा: खाण्यात दोष नाही हे ठाऊक असलेल्या बलवानाने, आपल्या खाण्याने दुर्बळ बंधू अडखळणार असेल तर, ते मांस कायमचे सोडावे. ओझे दुर्बळाच्या खांद्यावर नव्हे. ज्याला निवड आहे त्याच्यावर. हा नियम आम्ही कित्येकदा वाचला, त्यावर बोललो, पण रविवारी धर्मशिक्षणानंतर मुलांच्या हातात वेफर्सची पाच रुपयांची पुडी देणारे हात आमचेच आहेत हे कधी ध्यानात आले नाही. पुडी सोपी पडते, मुले खूश होतात, स्वयंसेवकांना भांडी घासावी लागत नाहीत. पवित्र शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर आपण वाटतो तेही असेच काहीतरी असते.

गेल्या सणाला आम्ही धर्मग्राम समितीत सुचवले की, पाव-भाजी व गुलाबजामऐवजी मटकीची उसळ, अंडी, कोशिंबीर आणि ज्वारीची एकेक भाकरी ठेवावी. ज्वारीतही पिष्ट असतेच, म्हणून एकेक. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, सणाला तरी लोकांना खाऊ द्या, वर्षभर राबतात." त्यांचे म्हणणे आम्ही खोडू शकलो नाही. शेवटी दोन्ही ठेवले. गुलाबजाम संपले, उसळ थोडी उरली. मुलांच्या पुड्या मात्र बंद झाल्या आहेत. आता भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि केळी असतात. त्यावर चौथीच्या वर्गाची तक्रार अद्याप मिटलेली नाही.

त्या बंधूंकडे आम्ही नंतर घरी गेलो. मोशीला एका खोलीत राहतात. तुमचा संकल्प मोडला त्याला पाप म्हणू नका, आणि त्या दिवशी आम्ही घाईने बोललो त्याची क्षमा करा, असे त्यांना सांगितले. ते ओशाळून हसले. वडापाव पूर्ण सुटला नाही, पण आता रात्रपाळीला पत्नी दोन उकडलेली अंडी आणि मोड आलेले मूग डब्यात देते, त्यामुळे पहाटे चौकात उतरल्यावर पूर्वीसारखी वखवख होत नाही, म्हणाले. त्यासाठी त्या पाळीवर जाण्याआधी तिला स्वतःचे काम टाकून घरी यावे लागते. ती चार घरी धुणी-भांडी करते. जखम भरत आली आहे, बूट अजून चढत नाही.

त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि कप पुढे करताना म्हणाली, "फादर, यात साखर नाही. घरात आणतच नाही आता. तुम्हांला हवी असेल तर शेजारून आणते." नको म्हणालो. मग तिला विचारले, तुम्ही जेवलात का? ती म्हणाली, यांचे झाल्यावर.