जुनं आणि नादुरुस्त

ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली, गिरगावला स्टेशन मिळालं, आणि तेव्हापासून ‘गिरगाव कात टाकतंय’ हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. या चर्चेत ठळक आवाज दोनच. एकाला चाळी पाडून टॉवर हवेत, दुसऱ्याला खोताच्या वाडीतल्या लाकडी कठड्यांचे फोटो. दुसऱ्याबद्दल एवढंच म्हणेन, की भर पावसात गळक्या कौलांखाली ज्याला बादली सरकवावी लागत नाही, त्याने माझ्या घराला परस्पर वारसा ठरवू नये. भाडी बाजारभावाने करा म्हणणारेही अधूनमधून उगवतात. त्यांना मुळात भाडेकरूच नको आहेत.

टॉवरवाल्यांचं म्हणणं मात्र झटकून टाकता येत नाही, कारण ते माझे शेजारीच मांडतात. इमारत जुनी झाली, तिचं आयुष्य संपलं. म्हाताऱ्या माणसांनी गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासापुढे किती वर्षं उभं राहायचं? प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. आमच्या मजल्यावरच्या, संडासाच्या भिंतीत शिरलेल्या दोन तुळया बघा. बर्मा टीकच्या आहेत. मध्यावर खिळा ठोकायला जावं तर खिळाच वाकतो. भिंतीतलं टोक मात्र बोट लावताच भुगा होऊन गळतं, कारण तिथे बिडाचा पाइप वर्षानुवर्षं पाझरतोय. पाइप बदलला नाही, टेकू लागला. आधी लाकडी, मग लोखंडी. आता पोरं त्याला दप्तरं अडकवतात. या इमारतीला वयाने खाल्लेलं नाही, पाण्याने खाल्लंय. जुनं घर आणि नादुरुस्त घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचा दोष दुसरीच्या माथी मारूनच इमारतीला ‘आयुष्य संपल्याचा’ दाखला मिळतो.

पाइप का बदलला गेला नाही? १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. ते योग्यच होतं. एरवी गिरगाव, लालबाग, परळमधला नोकरदार आणि गिरणी कामगार तेव्हाच शहराबाहेर फेकला गेला असता. पण त्या भाड्यातून दुरुस्ती निघेना. मालकांनी हात वर केले, पागडीतला वाटा मात्र घेत राहिले. १९६९च्या कायद्याने उपकर बसवला, दुरुस्ती मंडळ आणलं. १९ हजारांवर इमारती त्याच्या छत्राखाली आल्या, आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा टेकू आणि पावसाळ्याच्या तोंडावरची अतिधोकादायक इमारतींची यादी. १९९९चा भाडे नियंत्रण कायदा तर वाचण्यासारखा आहे. मालक दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी, खर्च वसूल करावा. पण वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. चाळीतल्या भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे किती? प्लंबर त्यात जिनासुद्धा चढणार नाही.

‘मग टॉवरच बरा,’ शेजारी म्हणतात. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, याचा मलाही आनंद आहे. पण ती जमीन सरकारची, काम म्हाडाचं. गिरगावात प्लॉट खासगी, चिंचोळे. तिथे विकास नियंत्रण नियमावलीतल्या, उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या ३३(७) कलमाखाली बिल्डर येतो. आम्हाला घर फुकट म्हणून इमारतीची उंची ठरते ती विक्रीच्या फ्लॅटांच्या हिशेबाने, आमच्या संडासाच्या गरजेने नव्हे. घरात संडास देण्यासाठी चाळीस मजले लागत नाहीत. आणि त्या चाळीस मजल्यांनाही लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा, पाइप असतातच. पेन्शनीवर जगणारं माणूस दरमहा तो मेंटेनन्स कुठून भरणार? बिल्डरने मेंटेनन्ससाठी दिलेला कॉर्पस आटला की घर विकून डोंबिवली-विरार गाठायचं, किंवा इमारत पुन्हा गळू द्यायची. दुरुस्तीची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर तिथेही दिलेलं नसतं.

माझी मागणी चाळ वाचवण्याची नाही. आमच्यातली एखादी खरोखर पाडावी लागेल. लागली तर पाडा. पण भाडेकरूंनी केलेल्या दुरुस्तीवरची ती एक चतुर्थांशाची मर्यादा काढा, तो खर्च मालकाच्या मिळकत पत्रिकेवर बोजा म्हणून चढवा, आणि पुनर्विकासात जमिनीचा मोबदला घेताना त्याच्याकडून आधी तो वळता करून घ्या. उपकराचा पैसाही तुळई कुजल्यावर नव्हे, पाइप पाझरू लागताच मिळायला हवा.