मात्रेचा अधिकार

अधिकार कोणाचा, हा आपल्याकडील फार जुना वाद आहे. विद्येच्या बाबतींत तो आपण बराचसा मिटविला. औषधाच्या बाबतींत मात्र तो अद्याप जागा आहे.

गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९३ पासून नवजात अर्भकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. ३९ गांवांत काम, तर ४७ गांवें तुलनेसाठीं, अशी योजना होती. अर्भकाच्या रक्तांत जंतुदोष पसरला, म्हणजे सेप्सिस झाला, कीं त्यास इस्पितळांत न्यावें, असें शास्त्र सांगे. परंतु आईबाप बहुधा नेत नसत. तेव्हां १९९६ पासून शिकवून तयार केलेल्या गांवच्याच आरोग्यदूत स्त्रिया, आईबापांच्या संमतीनें, घरींच जेंटामायसिन टोचूं लागल्या व को-ट्रायमोक्साझोल पाजूं लागल्या. पूर्वीं या दोषाच्या शंभर अर्भकांपैकीं सुमारें १७ दगावत. पुढें तीनांहून कमी. हा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला.

यावर आक्षेप असा कीं, जेंटामायसिन मूत्रपिंडास व श्रवणशक्तीस अपाय करूं शकतें. त्याची मात्रा बाळाच्या वजनावर व दिवसांवर ठरते. ती वाढली तर विष, घटली तर जंतु तगतात. मग अशी सुई पदवी नसलेल्या हातीं द्यावी काय? आक्षेप पोकळ नाहीं. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ही सुई नसती तर तज्ज्ञाची मिळाली असती. वास्तविक बहुतेक घरीं तीही मिळाली नसती. मात्रा चुकण्याचें पाप आपण काटेकोरपणें मोजतों; मात्रा न देण्याचें पाप कोणाच्या खातीं मांडावयाचें?

म्हणून कोणींही सुई टोचावी, असें नव्हे. अधिकार केवळ पदवीनें येत नाहीं, तसा केवळ निकडीनेंही येत नाहीं. तो येतो नियमानें: वजन करणें, वेळ पाळणें, ठरलेले दिवस पुरे करणें, नोंद ठेवणें व चुकीचा जाब देणें.

ही कसोटी आपणांसही लावून पाहावी. ताप उतरतांच डॉक्टरांस न विचारतां आपण गोळ्या सोडतों, आणि उरलेल्या शेजाऱ्यास देऊन उपकार केल्याचें समाधान मानतों. त्यांतून बळावलेला जंतु उद्यां कोणत्या पाळण्याशीं जाईल, तें आपणांस ठाऊक नसतें. अशा वेळीं अनधिकारी कोण?