प्रार्थना, शाळा आणि संमती

सात वर्षांचे एक मूल शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेत उभे आहे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत आहेत. त्याने प्रार्थना केली असे आपण म्हणू का? आपण सारे उपासना करणारे लोक, त्यामुळे याचे उत्तर आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. मन तिथे नसेल तर ओठांच्या हालचालीला प्रार्थना म्हणता येत नाही. पण ते मूल आपल्या घरातले असेल आणि शाळा कॅथॉलिक असेल, तर प्रश्न अधिक खोल जातो. ते हात कोणाच्या इच्छेने जोडले गेले? मुलाच्या, शाळेच्या, की आपल्या?

जबलपूरच्या मराठी घरांना हा प्रश्न नवा नाही. दीक्षितपुऱ्याच्या गल्ल्यांतून रोज सकाळी मुलांनी भरलेले ऑटो निघतात आणि त्यांतले काही मिशनच्या शाळांकडे वळतात. शहरात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या कॅथॉलिक शाळा आहेत. घरी गणपती बसतो, गुरुवारी दत्ताची आरती होते आणि मूल शाळेत शिकलेली प्रभू येशूची प्रार्थना जेवायला बसताना म्हणून दाखवते. आजी थोडी अस्वस्थ होते. बाबा म्हणतात, "देवाचंच नाव घेतात ना, मग झालं!" आणि विषय तिथेच संपतो.

बाबांचे उत्तर उदार आहे, आणि ते आपल्या परंपरेला धरूनही आहे. तरी ते पुरेसे नाही. ते बाबांनी स्वतःपुरते दिलेले उत्तर आहे. मुलाला कोणी विचारलेच नाही.

शाळेचा अधिकार

प्रथम शाळेची बाजू समजून घेऊ. वसईच्या मराठी कॅथॉलिक कुटुंबांचा विचार करा. मराठी त्यांचीही मायबोली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, इतके हे नाते जुने आहे. या घरांतल्या मुलासाठी शाळेतली प्रार्थना म्हणजे घरातल्या प्रार्थनेचाच पुढचा भाग. आपल्या संस्कारवर्गात आपली मुले जितक्या सहजतेने श्लोक म्हणतात, तितक्याच सहजतेने ते मूल क्रूसाची खूण करते. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला आहे. कॅथॉलिक शाळेने प्रार्थनाच सोडून द्यावी, अशी मागणी करणे अन्यायाचे होईल.

बऱ्याच कॅथॉलिक शाळांनी यातून एक मार्ग काढलेला आहे. कॅथॉलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी इतर मुलांसाठी नीतिशिक्षणाचा, म्हणजे मुले ज्याला 'मॉरल सायन्स' म्हणतात तो. वर्गाचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटतो. सकाळच्या सामूहिक प्रार्थनेचा मात्र उरतो, कारण तिथे सगळी शाळा एकाच मैदानावर उभी असते.

संविधान काय सांगते

संविधानाच्या कलम २८ मध्ये याचा विचार आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेत ते देता येते, पण तिथे शिकणाऱ्या कोणावरही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीची संमती लागते आणि ती अज्ञान असेल तर तिच्या पालकाची. संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी या विषयावर चर्चा झाली. प्रत्येक धर्म आपलेच सत्य अखेरचे मानू लागला तर तो वाद शाळेत शिरेल, ही भीती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा बोलून दाखवली होती.

या लेखमालेसाठी अनुवाद करताना एक अडचण वारंवार येते. इंग्रजीत धर्माची दीक्षा देणारे शिक्षण आणि धर्मांविषयी माहिती देणारे शिक्षण यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आपण 'धार्मिक शिक्षण' म्हणून मोकळे होतो. फरक मात्र मोठा आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अभ्यासक्रमाविषयीच्या एका खटल्यात हाच फरक मानला. सर्व धर्मांची ओळख करून देणारा अभ्यास कलम २८ च्या आड येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. नाताळ का साजरा होतो हे आपल्या मुलाने शिकणे ही ज्ञानाची गोष्ट आहे. येशू हाच माझा तारणहार, हे त्याने म्हणणे ही श्रद्धेची गोष्ट आहे. पहिली गोष्ट शिकवता येते. दुसरी आतून उमलावी लागते.

संमती म्हणजे काय

कलम २८ चा सगळा भार 'संमती' या एका शब्दावर आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो १८७२ च्या भारतीय करार कायद्यात. प्रार्थना हा करार नाही, हे उघड आहे. तरीही व्यवहाराच्या त्या कायद्याने संमतीचा जो बारकाईने विचार केला आहे, तो आपण अध्यात्मात क्वचित करतो.

कलम १३ म्हणते, दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाल्या, तरच संमती झाली. आता मैदानावरचे मूल पाहा. शिक्षिका म्हणतात 'प्रभू', त्यांच्या मनात येशू असतो. मूल म्हणते 'प्रभू', त्याच्या मनात घरचा गणपती असतो, किंवा डब्यातला पराठा असतो. शब्द एक, अर्थ दोन.

कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. १९०३ साली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य ठरवला. गहाणखतावर अठरा वर्षांखालच्या मुलाची सही आपण ग्राह्य धरत नाही. मग आत्म्याच्या बाबतीत सात वर्षांच्या मुलाचे जोडलेले हात होकार म्हणून कसे धरावेत?

सगळ्यात महत्त्वाचे आहे कलम १६. एक व्यक्ती दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असेल आणि तिने त्या स्थितीचा फायदा घेतला, तर तो अनुचित प्रभाव ठरतो. लहान मुलाच्या आयुष्यात आईवडिलांनंतर सर्वांत मोठी व्यक्ती कोण? त्याच्या बाई! बाईंनी कधी आवाज चढवला नाही, कधी शिक्षा केली नाही, तरी त्यांना आवडावे म्हणून मूल काहीही म्हणेल. म्हणून जबरदस्ती झाली नाही, एवढे सांगून शाळेची जबाबदारी संपत नाही.

शारदा सदनाचे उघडे दार

मराठी समाजाने हा प्रश्न एकदा फार तीव्रतेने अनुभवला आहे. ती शाळा कॅथॉलिक नव्हती, पण पेच हाच होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. रमाबाई स्वतः १८८३ साली ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनात मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. १८९३ साली वाद पेटला. 'केसरी'ने टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

कोण बरोबर होते? रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावले नाही, पण माझी प्रार्थना मी लपवणारही नाही. या म्हणण्यात सच्चेपणा होता. आपली उपासना दार लावून करा असे कोणी आपल्याला सांगितले, तर आपणही मानणार नाही. दुसरीकडे, जिने अन्न, आसरा आणि अक्षरे दिली तिच्याच खोलीचे ते दार होते. अशा दारातून आत जाताना एखाद्या विधवा मुलीचे पाऊल किती स्वतंत्र असेल? आणि तिसरी गोष्ट, पालक आणि पुढारी यांच्या त्या भांडणात मुलींना काय हवे होते हे किती जणांनी विचारले? या तिन्ही प्रश्नांना एकाच वेळी मनात जागा द्यायला हवी. त्यातला एक उचलला आणि दोन सोडले की आपण कोणत्या तरी पक्षाचे होतो, साधक राहत नाही.

चर्चचा स्वतःचा विचार

वाचकांपैकी अनेकांना कदाचित माहीत नसेल की कॅथॉलिक चर्चने या बाबतीत स्वतःवर मर्यादा घालून घेतली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा स्वीकारली. पालकांच्या श्रद्धेशी न जुळणाऱ्या धर्मपाठांना मुलांना सक्तीने बसवणे हे पालकांच्या हक्काचे उल्लंघन आहे, असे तिच्यात म्हटले आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतातील कॅथॉलिक धर्मगुरुपरिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, शक्य तिथे आवारात सर्वधर्मीय प्रार्थनालय असावे, असे त्यांत सांगितले आहे.

सूचना निघाली म्हणजे प्रत्येक शाळेत ती पाळली जाते असे नाही. पण आपल्या मुलाच्या शाळेत काही खटकले, तर आता रस्त्यावर ओरडण्याची गरज नाही. मुख्याध्यापकांच्या समोर बसून, त्यांच्याच परंपरेच्या शब्दांत आपण बोलू शकतो. समोरच्याला त्याच्या उत्तम रूपाची आठवण करून देणे, हीसुद्धा एक सेवाच आहे.

आता आपल्याकडे पाहू

इथपर्यंत वाचताना मन कदाचित सुखावले असेल, कारण चर्चा दुसऱ्यांच्या शाळेची होती. पण केंद्रीय विद्यालयांतील सकाळच्या संस्कृत आणि हिंदी प्रार्थनेवर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, ती आपल्या जबलपूरच्याच एका वकिलांनी. मुलांना ही प्रार्थना हात जोडून, डोळे मिटून म्हणायला लावली जाते. ज्यांची ती नाही किंवा ज्यांची कोणत्याच देवावर श्रद्धा नाही, त्यांनी काय करावे, असा तिचा आशय होता. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

ती बातमी वाचून आपल्यापैकी किती जणांना राग आला होता? "यात धर्म कुठे आला, हे तर सर्वांसाठीच आहे," असे आपण म्हणालो असू. थांबून पाहिले तर मिशनच्या शाळेतल्या बाईही नेमके हेच म्हणतात. ज्याची प्रार्थना असते त्याला ती नेहमीच सर्वांची वाटते. हे वाटणे खोटे नाही, ते श्रद्धेचे लक्षण आहे. मात्र त्यावरून दुसऱ्याच्या मुलाची संमती गृहीत धरता येत नाही.

आपले कार्यकर्ते शाळाशाळांत जातात, मूल्यशिक्षणाचे तास घेतात, शेवटी प्रार्थना होते. त्या वर्गात मुस्लिम मूल असते, ख्रिस्ती असते, बौद्ध असते, ज्याच्या घरी देव्हारा नाही असेही असते. त्या मुलाने हात जोडले नाहीत तर आपल्या कपाळाला आठी पडते का? शेजारचे मूल त्याला कोपराने ढोसते, तेव्हा आपण पाहून न पाहिल्यासारखे करतो का?

इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने शाळांत रोजची सामूहिक उपासना सक्तीची केली, आणि मुलाला त्यातून बाहेर ठेवण्याचा हक्कही पालकांना दिला. पण सगळे आत आहेत आणि एकटे मूल बाहेरच्या व्हरांड्यात बसले आहे, असा हक्क वापरायला किती पालकांचा जीव धजेल? म्हणून हक्क कागदावर आहे का, एवढे पाहून भागत नाही. प्रार्थना न म्हणणारे मूल सगळ्यांच्या मध्ये, मान खाली न घालता उभे राहू शकते का, हे पाहावे लागते. ही कसोटी मिशनच्या शाळेला लावा, सरकारी शाळेला लावा आणि आपल्या संस्कारवर्गालाही लावा.

आपण काय करावे

प्रवेशाच्या वेळी अर्जावर सही करण्याआधी शाळेला विचारा: प्रार्थनेत काय म्हणतात, आणि मुलाने नुसते शांत उभे राहिलेले चालेल का? संमती आपण द्यायची असेल, तर ती वाचून आणि समजून द्यावी. प्रवेश मिळेपर्यंत गप्प आणि मिळाल्यावर कुरकुर, हे साधकाला शोभत नाही.

मुलाशी बोला. "तिथे काय म्हणतोस, तुला काय वाटतं?" असे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. त्याला येशूची गोष्ट आवडली असेल तर घाबरू नका. घरची उपासना जिवंत असेल, तर मूल दुसऱ्याच्या दारातला दिवाही प्रेमाने पाहू शकते. घरी देवासमोर आपण वर्षानुवर्षे बसलेलोच नसू, तर दोष शाळेच्या प्रार्थनेला देऊन काय मिळणार?

आणि आपल्या कार्यक्रमांत प्रार्थनेआधी एक वाक्य आवर्जून म्हणा: "ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी म्हणावे, बाकीच्यांनी आपल्या मनात जे चांगले आहे ते आठवावे." मग दोन क्षण थांबा. ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदामातेची आरती होते, तेव्हा कोणी हात जोडतो, कोणी पायरीवर नुसता बसून राहतो. त्याला कोणी उठवत नाही. येत्या रविवारी आपल्या केंद्रावर असेच एखादे मूल न बोलता उभे असेल, तर त्याच्याकडे पाहून हसा आणि त्यालाही इतरांइतकाच प्रसाद द्या.