चूक मुंबईत, भुर्दंड मुदखेडात

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईवरचे, सगळे व्यवहार थांबले. दूरसंचार जोडण्या तुटल्या आणि त्याचा फटका सौद्यांची जोखीम मोजणाऱ्या प्रणालीला बसला. अशाच प्रसंगासाठी चेन्नईला पर्यायी केंद्र उभारलेले होते. कामकाज तिकडे हलवले गेले नाही. शेअर बाजाराची नेहमीची वेळ साडेतीनला संपते. एनएसई त्यानंतर, पावणेचारला, सुरू झाली आणि पाचपर्यंत चालली.

मधल्या चार तासांत जे झाले ते छोट्या माणसाच्या बाबतीत झाले. इंट्राडे व्यवहार करणारा ब्रोकरच्या मार्जिनवर सौदा घेतो आणि तो त्याच दिवशी मिटवावा लागतो. एनएसई पुन्हा उघडेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे अनेक ब्रोकरांनी दुपारी तीननंतर ग्राहकांच्या पोझिशन बीएसई या दुसऱ्या शेअर बाजारात मिळेल त्या भावाने स्क्वेअर ऑफ केल्या, म्हणजे मिटवून टाकल्या. ज्यांचे ऑप्शन्स होते त्यांना तेवढीही वाट नव्हती, कारण तो बाजार तेव्हा जवळपास पूर्णपणे एनएसईवरच भरत असे. मग वेळ वाढवून मिळाली आणि दिवसअखेर सेन्सेक्स १,०३० अंकांनी वर बंद झाला. ज्यांचा सौदा त्यांच्या मर्जीविरुद्ध आधीच मिटवला गेला होता, त्यांना हे फक्त पाहता आले.

जून २०२३ मध्ये हे प्रकरण मिटले. दोष कबूल न करता आणि न नाकारताही एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनने सेबी या बाजार नियामकाकडे सुमारे ७२ कोटी रुपये भरले. समझोत्याची अशी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जाते. ज्याचा तोटा झाला त्याच्या खात्यात तिच्यातला एक रुपयाही येत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. संगणक बंद पडणारच. कितीही दक्षता घेतली तरी एखादी तार तुटेल, एखादी डिस्क जाईल. पण बंद पडल्याची किंमत कुणी मोजायची, हे तारेवर ठरत नाही, माणसांनी केलेल्या नियमांवर ठरते. आजचे नियम ती किंमत साखळीतल्या सर्वांत शेवटच्या माणसावर टाकतात.

यंत्र धडधाकट असतानाही हेच घडते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एमके ग्लोबल या मुंबईच्या ब्रोकर कंपनीतल्या डीलरला १७ लाख रुपयांचे शेअर विकायचे होते. रकमेचा आकडा संख्येच्या रकान्यात पडला. यंत्राने आज्ञा पाळली, साडेसहाशे कोटींहून अधिक रकमेचे सौदे झाले आणि निफ्टी काही क्षणांत साडेपंधरा टक्के कोसळला. दहा टक्क्यांवर बाजार रोखणारे सर्किट होते, तरी घसरण त्याच्या पुढे गेली. टोकियोत डिसेंबर २००५ मध्ये मिझुहो कंपनीने एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता, त्याऐवजी ६ लाख १० हजार शेअर एक येनला विकायला काढले. मुंबईच्या जवळपास सात वर्षे आधी, तीच रकान्यांची अदलाबदल! आपल्याकडे ते सौदे रद्द करण्याची एमकेची मागणी एनएसईने मान्य केली नाही, आणि ते योग्यच झाले. झालेला सौदा मोडता येऊ लागला तर समोरच्याने विश्वास कशावर ठेवायचा? मात्र त्या क्षणी ज्या छोट्या गुंतवणूकदारांचे स्टॉप लॉस लागले, त्यांच्या हातात काय राहिले, हा प्रश्न कुणाच्या कामकाजपत्रिकेवर आला नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेड, भोकर, अर्धापूरकडच्या माणसाला यात काय कमी आहे हे चटकन कळेल, कारण त्याने मोंढा, म्हणजे शेतमालाची बाजारपेठ, पाहिला आहे. नांदेडच्या मोंढ्यात हळदीच्या हिशेबाच्या पट्टीत आकडा चुकला, तर शेतकरी मुनिमासमोर उभा राहतो, मापाड्याला बोलावतो आणि पट्टी तिथल्या तिथे दुरुस्त होते. मोंढ्यात लबाडी होत नाही असे मी म्हणणार नाही; तिच्याविरुद्ध लढण्यात मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या. पण तिथे चुकीला एक चेहरा असतो आणि भांडायला जागा असते. मुदखेड जंक्शनच्या आसपास मोबाइलवर डिमॅट खाते उघडणाऱ्या तरुणाला अशी जागा नाही. खाते उघडताना त्याने जी इंग्रजी पाने न वाचता मान्य केली, त्यांत तांत्रिक बिघाडाची जबाबदारी कंपनीवर नाही, असे बहुधा लिहिलेलेच असते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: बाजार चालू असता तर मला इतका नफा झाला असता, असे कुणीही म्हणेल, ते सिद्ध कसे करायचे? हा मुद्दा खरा आहे. कल्पनेतल्या नफ्याची भरपाई कुणी देऊ नये. पण बाजार बंद असताना ज्याची पोझिशन जबरदस्तीने मिटवली गेली, त्याची वेळ, भाव आणि संख्या सेकंदासह ब्रोकरच्या आणि बाजाराच्या नोंदीत असते. बाजार पुन्हा उघडल्यावरचा भावही नोंदीत असतो. त्यातला फरक काढायला कल्पना लागत नाही, वजाबाकी लागते.

२०२१ नंतर काहीच सुधारले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रोकरची यंत्रणा पडली तर ग्राहकाला आपले सौदे मिटवता यावेत म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘इरा’ नावाची सोय झाली. एनएसई पडली तर बीएसईने आणि बीएसई पडली तर एनएसईने पर्याय म्हणून उभे राहावे, अशी व्यवस्था सेबीने एप्रिल २०२५ पासून लागू केली. ही पावले चांगली आहेत. पण त्यांनी बाजार सावरतो. बाजार न सावरलेल्या दिवशी बुडालेल्या माणसाचे काय, याचे उत्तर त्यांत नाही. आणि असे दिवस संपलेले नाहीत. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी सोन्या-चांदीचा वायदा जिथे चालतो तो एमसीएक्स सकाळी नऊऐवजी दुपारी १ वाजून २५ मिनिटांनी सुरू झाला.

म्हणून मागणी एकच असावी: बाजारसंस्थांकडून बिघाडापोटी घेतलेली रक्कम आधी त्या दिवशी नोंदीनुसार तोटा झालेल्या ग्राहकांना द्यावी, उरेल ती तिजोरीत जावी. तोवर वाचकांना सांगणे इतकेच, की ॲप अडकले तर त्याच वेळी वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, ब्रोकरचा फोनवरून सौदे घेणारा क्रमांक आधीच लिहून ठेवा आणि ब्रोकरने दाद दिली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर तक्रार नोंदवा. तक्रारीला २१ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. रक्कम हजाराची असली तरी तक्रार करा. नोंदच झाली नाही, तर तोटा झाला होता हेही कुणी मान्य करणार नाही.