जिभेचा अपराध आणि पोटाची भाकर

एखाद्यानें अभद्र शब्द उच्चारला, एवढ्यावरून त्याची नोकरी काढून घेणें न्याय्य होय काय? अमेरिकेंत घडलेल्या एका गोष्टीवरून ह्या प्रश्नाचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

सन १९८१ च्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस त्या देशाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांजवर वॉशिंग्टन येथें एका मनुष्यानें गोळ्या झाडल्या. तें वर्तमान टेक्सस प्रांतांतील हॅरिस परगण्याच्या एका पोलीस कचेरींत रेडिओवर ऐकूं आलें. तेथें १९ वर्षांची एक तरुणी कारकुनी करीत असे. तिच्या अंगावर गणवेश नव्हता, हातीं शस्त्र नव्हतें. संगणकांत नोंदी कराव्या, एवढेंच तिचें काम. गरिबांस मिळणारें सरकारी साह्य कमी होत असल्याचा तिला राग होता. त्या भरांत ती सोबत्यापाशीं बोलून गेली कीं, पुन्हा कोणी असा घाव घातला तर तो वर्मीं लागो. हें दुसऱ्या एकाच्या कानीं पडलें व त्यानें वरिष्ठांस कळविलें. विचारतांच तिनें बोलल्याचें कबूल केलें, आणि तिला कामावरून काढण्यांत आलें.

तिनें दाद मागितली. सन १९८७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तिचा पक्ष उचलून धरला. तें बोलणें राज्यकारभारासंबंधीं व आपसांतलें होतें, आणि त्यानें कचेरीच्या कामांत कांहीं बिघाड झाला नव्हता, हें बहुमताचें कारण. कायदा राखणाऱ्या कचेरीनें असले उद्गार खपवून घेण्याचें कारण नाहीं, असें उरलेल्यांचें म्हणणें पडलें.

तर मग तिचे शब्द चांगले होते काय? मुळींच नाहींत. घायाळ मनुष्याचें मरण इच्छिणें हें पापच, आणि त्याचा झाडा देवापुढें द्यावाच लागेल. परंतु तो झाडा घेण्याचा अधिकार धन्याला कोणी दिला? धनी मजुरी देतो ती कामाची. त्या पैशांत चाकराचें मन विकत मिळत नाहीं. मात्र शाळामास्तर वर्गांतल्या लेंकरास जातीवरून हिणवील, तर तेथें शब्दानेंच काम नासलें. त्याला दूर करणें योग्य होय. म्हणून धन्यानें ‘मला राग आला काय?’ असें न विचारतां, ‘काम बिघडलें काय?’ असें विचारावें.

त्या देशाच्या राज्यघटनेचें हें बंधन सरकारावर आहे. खाजगी धन्यावर नाहीं. तेथें बहुधा धन्याच्या विवेकावांचून दुसरें न्यायासन नसतें. म्हणून तो विवेक जागा असावा.

बंधुभगिनींनो, ह्या गोष्टींतील तिसऱ्या माणसासही विसरूं नका. त्यानें ऐकलें, परंतु तिलाच एकांतीं ‘बाई, हें बोलणें बरें नव्हे’ असें म्हणावयाचें सोडून तो वरिष्ठांकडे गेला. रागाच्या भरांत निसटलेला शब्द आपणांपैकीं कोणाच्या जिभेवर आला नाहीं? तो ऐकून जर प्रत्येकाच्या घरची चूल विझविली, तर गांवांत कोणाच्या घरीं धूर दिसेल?