चित्रपटातील प्रार्थना आणि विनियोगाचा प्रश्न

चित्रपटातील एका प्रसंगासाठी मोबदला घेऊन रचलेली, ध्वनिमुद्रणाच्या दालनात गायली गेलेली आणि नंतर नटांच्या मुखी घातलेली प्रार्थना खऱ्या अर्थाने प्रार्थना असते काय, हा प्रश्न संगीतकार वसंत देसाई यांच्या कारकिर्दीचा विचार करताना टाळता येत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटासाठी भरत व्यास यांनी लिहिलेली आणि देसाई यांनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना पुढे असंख्य शाळांत रोज सकाळी म्हटली जाऊ लागली, आणि ती म्हणणाऱ्या बहुतेक मुलांनी तो चित्रपट पाहिलेलाही नव्हता.

देसाई यांचा जन्म १९१२ साली सावंतवाडी संस्थानातील एका खेड्यात झाला. दशावताराच्या आणि भजनाच्या त्या प्रदेशातून ते ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीत आले, तेथे पडेल ते काम करीत, प्रसंगी छोट्या भूमिका आणि गाणीही करीत, गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्या सहवासात त्यांची जडणघडण झाली, आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल’ या चित्रसंस्थेची स्थापना केल्यावर ‘शकुंतला’ (१९४३) या चित्रपटाने संगीतकार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘गूँज उठी शहनाई’ यांमुळे रागदारीवर आधारलेले संगीत देणारे रचनाकार अशी त्यांची ख्याती झाली असली, तरी त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य गाण्याचे शिक्षण न घेतलेल्या समूहाला गाता येतील अशा चालींत आहे, असे म्हणावे लागते.

मूळ प्रश्नाला पहिले उत्तर रससिद्धांत देतो, परंतु ते अपुरे आहे. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना अशी, की रंगभूमीवरील भाव पाहताना तो ‘माझा’ किंवा ‘दुसऱ्या कोणाचा’ हा भेद गळून पडतो, आणि म्हणूनच दुःखाचाही आस्वाद घेता येतो. ‘दो आँखें बारह हाथ’मधील आदिनाथ हा जेलर आणि त्याने खुल्या शेतावर आणलेले सहा खुनी कैदी यांच्या कथेत प्रार्थना ऐकताना प्रेक्षकाला येणारा अनुभव याच जातीचा असतो. प्रार्थनेला मात्र ‘मी’ सोडता येत नाही, कारण मागणारा कोणीतरी विशिष्ट असावा लागतो आणि त्याला स्वतःच्या उणिवेची जाणीव असावी लागते. तेव्हा चित्रपटगृहातील सहृदय प्रेक्षकाचे डोळे पाणावले, एवढ्यावरून तो प्रार्थना करीत होता असे ठरत नाही.

अधिक उपयोगी उत्तर पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक वाक्यांचा कर्माच्या दृष्टीने अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, सापडते. मंत्र म्हणण्यापूर्वी त्याचा ऋषी, छंद आणि देवता यांच्याबरोबर त्याचा विनियोगही सांगण्याची प्रथा आहे. विनियोग म्हणजे अमुक मंत्र अमुक कर्मात योजला जाणे. मीमांसकांचे प्रसिद्ध उदाहरण असे, की ज्या ऋचेत इंद्राला संबोधिले आहे, त्याच ऋचेने गार्हपत्य अग्नीची उपासना करावी असे वेदवाक्य स्पष्ट सांगते, आणि तेथे ऋचेतील शब्दांचा रोख बाजूला ठेवून त्या वाक्यालाच प्रमाण मानले जाते. मंत्र प्रथम कोणाला उद्देशून उच्चारला गेला, यापेक्षा तो कोणत्या कर्मात योजला गेला हे निर्णायक ठरू शकते, ही फार धीट भूमिका आहे. तिच्या प्रकाशात पाहिले असता कॅमेऱ्यासमोर म्हटलेली प्रार्थना शाळेच्या पटांगणात नव्याने योजली जाते तेव्हा तिचे मूळ प्रयोजन तिला बांधून ठेवीत नाही.

मात्र चित्रपटगीताला अशी आज्ञा देणारे कोणतेही वेदवाक्य नाही. ज्या ठिकाणी स्पष्ट आज्ञा नसते, तेथे मीमांसक ‘लिंग’ हे प्रमाण मानतात. लिंग म्हणजे त्या शब्दांच्या अंगचे सामर्थ्य, ते कशाला योग्य आहेत हे त्यांच्यावरूनच कळणे. संगीतकाराचे श्रेय नेमके येथे उभे राहते. देसाई यांच्या या चालीत ताना नाहीत, मुरक्यांची आरास नाही, शब्द ठसठशीतपणे स्वरावर उतरतो आणि समूहाने सूर धरला की एखाद्याचा बेसूर त्यात सामावून जातो. गळ्याची तयारी दाखवण्यासाठी बांधलेली चाल कितीही भक्तिपूर्ण असली तरी हजार मुलांच्या तोंडी टिकली नसती, आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटात शाळेच्या प्रार्थनेच्या दृश्यासाठी देसाई यांनीच केलेली दुसरी चाल तशीच शाळाशाळांत गेली, हा योगायोग मानणे कठीण आहे.

विनियोगाचा प्रवास उलट दिशेनेही झालेला दिसतो. ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटात होनाजी बाळा या शाहिराची भूपाळी, म्हणजे पहाटे देवाला जागविण्याचे गीत, देसाई यांच्या चालीत आली आणि त्याच चालीत ती मराठी घरांतील सकाळीत रुजली. ऑक्टोबर १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायलेले मैत्रीचे संस्कृत गीत तर कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी रचलेले होते आणि त्याची चाल देसाई यांची होती. एका संन्याशाचे शब्द चित्रपटसृष्टीतील रचनाकाराच्या स्वरांतून जगापुढे ठेवले गेले, यावरून व्यवसायाने पावित्र्याला बाध येतो ही समजूत किती वरवरची आहे हे ध्यानात येते.

या विवेचनाने एक अडचण मात्र सुटत नाही, आणि ती गंभीर आहे. शाळेतील प्रार्थना बहुधा आदेशाने म्हटली जाते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेतील धार्मिक उपासनेत सहभागी होण्याची सक्ती विद्यार्थ्यावर त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून करता येत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’मधील प्रार्थनेत ईश्वराला केवळ ‘मालिक’ म्हटले आहे, कोणत्याही पंथाच्या देवतेचे नाव नाही, म्हणून तिला हा नियम लागू होत नाही असे सहज म्हटले जाते. परंतु ज्या घरात ईश्वरच मानला जात नाही, त्या घरातील मुलाच्या दृष्टीने निनावी मालकही मालकच असतो. विनियोग करणारा कर्ता आपल्या इच्छेने कर्माला प्रवृत्त झालेला असावा, ही अट रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलाच्या बाबतीत पुरी होते असे म्हणता येत नाही, आणि चालीचे सामर्थ्य कितीही मोठे असले तरी त्याच्या संमतीची जागा ते घेऊ शकत नाही.