तिसरं करडू

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी शेतातली आंबील-भज्जी उरकून घरचे सगळे परतले, तेव्हा शेळी व्यायलेली होती. दोन करडं धडपडत उठून आईच्या कासेला लागली होती. तिसरं गव्हाणीखाली ओलंचिंब पडून होतं. शेळीला सड दोनच. तिसऱ्याची पाळी यायची तर आधीच्यांनी सोडायला हवं, आणि ज्याच्यात ढुशी मारायचं बळ नाही त्याच्यासाठी कोण सोडतं?

"हे रात्र काढत न्हाई," मुक्ताचे वडील म्हणाले. त्यात निष्ठुरपणा नव्हता. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठीच नावाजलेली. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे आणि तिचं त्यावाचून काही अडलेलं नाही.) पण तिळी झाली की एकावर पाणी सोडायचं, हा त्या भागातला न बोललेला हिशेब.

पाचवीतल्या मुक्ताला तो हिशेब मान्य नव्हता. आजीनं पोत्यानं करडू पुसलं, नाकातला चिकटा काढला आणि शेळीचा चीक वाटीत पिळून घेतला. "तासाभरात चीक पोटात गेला की निम्मी लढाई जितली," असं म्हणत बोट बुडवून बुडवून चाटवला. मग औषधाच्या दुकानातून बूच आणलं, ते सरबताच्या रिकाम्या बाटलीला बसवलं आणि मुक्ता आई झाली. करडाचं नाव ठकी.

दूध पिताना ठकी पुढचे दोन्ही गुडघे टेकायची, मान वर ताणायची आणि बाटलीला खालून अशी ढुशी द्यायची की मुक्ताचं मनगट दुखायचं. शेपटी इतकी भराभर हलायची की नुसती काळी रेघ दिसायची. पिऊन झालं की ओठांवरचा फेस मुक्ताच्या फ्रॉकला पुसायचा आणि तिथंच मांडीत कलंडायचं. बाकीची दोघं रात्री डालग्याखाली, ही मुक्ताच्या वाकळेच्या टोकाशी. शाळा सुटली की दारातूनच "ठकेऽ" अशी हाक जायची आणि ठकी चारी पाय एकदम उचलत उड्या मारत यायची. हे सुख ज्यानं अनुभवलंय त्याला मुक्ताचं पुढचं वागणं कळेल.

पंधरवडा झाल्यावर आजी म्हणाली, "आता हिच्यापुढं पाला टांगत जा. शेवरी टांग, बाभळीची कवळी डहाळी टांग. खाऊ नाहीतर नको खाऊ, तोंड तर लावू दे."

"ती दूध पिते की."

"दूध पिऊन करडू जगतं, शेळी होत न्हाई."

आजीला पुस्तकातलं सांगता आलं नसतं, पण बोलणं चोख होतं. जन्मताना करडाचं कोटीपोट एवढंसंच असतं. चोखलेलं दूध त्याला वळसा घालून थेट शेवटच्या कप्प्यात उतरतं. पाल्यानं, चाऱ्यानं काम दिलं तरच कोटीपोट वाढतं, रवंथ सुरू होतं आणि अडीच-तीन महिन्यांनी दूध तोडता येतं. नुसत्या दुधावर ठेवलेलं पिल्लू गुटगुटीत दिसेल. आतून मात्र ते रोज थोडं मागं पडत जातं.

मुक्तानं शेवरी टांगली. ठकीनं हुंगली, एक पान ओढून टाकून दिलं आणि मुक्ताच्या फ्रॉकचं टोक चघळू लागली. झालं. मुक्ताला हसू आलं आणि बाटली बाहेर निघाली. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात दूध कमी पडलं तेव्हा तिनं आपला चहा कोरा घेतला आणि आपल्या वाटणीचं दूध बाटलीत ओतलं. आईनं शेजारणीपाशी या गोष्टीचं कौतुकही केलं. कौतुक करण्याजोगी गोष्ट होतीच ती, आणि तिथंच सगळी गडबड होती.

होळीनंतर मामाच्या लग्नाला सगळ्यांबरोबर मुक्तालाही जावं लागलं. घरी एकटी आजी. चार दिवसांनी परत येऊन पाहते तर ठकीच्या बरगड्या मोजता येत होत्या. आजीनं बाटली पुढं केली की ती मान फिरवायची. पाला तर तिच्या लेखी खाणं नव्हतंच. दारात बसून रस्त्याकडं तोंड करून ओरडायची, एवढाच तिचा दिवसभराचा उद्योग. तिची दोन्ही भावंडं मात्र बांधावर पुढचे पाय टेकून बोरीची पानं ओरबाडत होती. अंगानं ती आता ठकीच्या दीडपट दिसत होती.

मुक्ताच्या पायात ठकी घोटाळू लागली. मुक्तानं तिला उचललं आणि डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू अशा अवस्थेत म्हणाली, "बघितलंस आजी? माझ्याबिगर हिचं चालत न्हाई."

आजी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "चालत न्हाई हे खरंय. पण त्यात तुला गोड काय वाटायलंय, माय?"

मुक्ता चिडली. जेवली नाही. पण रात्री वाकळेत पडल्यावर शेजारचं ते हलकं अंग हाताला लागलं, आणि पाठीचा कणा बोटांना मणी मणी मोजता आला.

सकाळी तिनंच विचारलं, "मग आता काय करू?"

"तिची आई काय करते बघ जरा."

मुक्तानं पाहिलं. थोरलं करडू सवयीनं कासेखाली शिरलं. शेळीनं मागचा पाय झाडला आणि चार पावलं पुढं जाऊन खाऊ लागली. करडू क्षणभर बावचळलं, मग तिच्या तोंडापाशी जाऊन ती जे खात होती तेच खाऊ लागलं. पुन्हा शिरलं, पुन्हा लाथ. शेळीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती.

लाथ मारणं मुक्ताला जमणारं नव्हतं. तिनं बाटल्या कमी केल्या. चारच्या तीन, तीनच्या दोन, मग सकाळची तेवढी एक. परीक्षा संपल्यावर ती ठकीला घेऊन कळपामागं शिवारात जाऊ लागली. पण ठकी शेळ्यांमागं न जाता तिच्याच मागं यायची. मग मुक्तानं शक्कल काढली. बाभळीची डहाळी वाकवून तिनं पाला चक्क आपल्या तोंडात घातला आणि चावला. तुरट पाल्यानं तोंड आवळून आलं, बांधावरची पोरं खिदळली. ठकीनं मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं, तिच्या ओठातून लोंबणारी काडी ओढून घेतली आणि चावत राहिली. या वेळी टाकली नाही.

पण खरी परीक्षा शेवटच्या बाटलीची होती. ती बंद केल्यावर ठकी दोन रात्री दाराबाहेर ओरडली. मुक्ता कानांवर उशी दाबून पडली. दुसऱ्या रात्री ती उठून बाटलीपर्यंत गेलीही. आजी अंधारातून एवढंच म्हणाली, "दार उघडायचं तर उघड. पण कुणासाठी उघडायलीस ते ठरवून उघड." मुक्ता दारापाशी बराच वेळ उभी राहिली आणि परत येऊन निजली.

पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा सगळ्या शेळ्या एका जागी गोळा केल्या होत्या. त्यात ठकी ओळखू येईना. मुक्तानं हाक मारली. एक काळी पाट वर पाहून लोंबते कान हलवून पुन्हा शेंगांत तोंड घालून बसली. मुक्ताला ते लागलं. लागायचंच, पोटभर खाणाऱ्या लेकराकडं बघून आनंद व्हावा आणि जरासा अपमानही वाटावा, यात वावगं काही नाही.

श्रावणात शेजारच्या पोराच्या शेळीनं एक करडू नाकारलं. तो बाटली मागायला आला. मुक्तानं फळीवरून बाटली काढली, बूच गरम पाण्यात उकळून दिलं आणि दूध पाजताना मान कशी वर धरायची ते दाखवलं.

"पंधरा दिवसांनी पाला टांग. आणि तीन महिने झाले की ही बाटली मला परत आणून दे."

"का? तुला लागणारंय?"

"मला न्हाई लागत," मुक्ता म्हणाली. "तुझ्याकडं राहायला नको म्हणून."